नसरीन आपा थकल्या तेव्हा

नसरीन आपांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोऱ्या. बाल संरक्षणाच्या कार्यालयात समुपदेशक म्हणून त्या सकाळीच मी रुजू झाले होते. आमचे प्रमुख काळे सर माझी प्रमाणपत्रं चाळत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलून झाल्यावर त्यांनी खिडकीकडं बोट दाखवलं. "खाली आपा थांबल्यात, त्यांच्यासोबत जा. बिडकीनच्या पुढं एका गावात लग्न आहे. मुलगी नववीत शिकते."

मी तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली आले. एक दणकट बाई स्कूटी सुरू ठेवून बसल्या होत्या. डोक्याला ओढणी आणि ओढणीवर लालभडक हेल्मेट. "बस, बस! नाव गाडीवर सांग," मागं न बघताच त्या म्हणाल्या.

रस्त्याला लागल्यावर मी ओरडून सांगितलं, "वैशाली!"

"काय?"

"वैशाली!"

"एवढं लांब नाव या वाऱ्यात टिकत नाय. वैशू म्हणते."

तेव्हापासून मी वैशू झाले ती झालेच. काळे सरसुद्धा मला वैशूच म्हणायला लागले.

गावाच्या वेशीवर ग्रामसेवक उभे होते, घामाघूम. पोलिसांची गाडी दुसऱ्या बंदोबस्तात अडकली होती, यायला वेळ लागणार होता. इकडं मांडव खच्चून भरलेला, नवरदेव बोहल्यावर, अंतरपाट धरायच्या तयारीत. ग्रामसेवक म्हणाले, "आपा, आपण तिघंच हाओत. आत्ता तोंड उघडलं तर लोक बदडतील. अन् थांबलो तर लग्न लागतंय."

आपांनी मांडवावर नजर फिरवली. स्टेजवर एक माणूस माईक धरून पाहुण्यांचं स्वागत करत होता. आमच्याकडं लग्नात हे असतंच. आपा तडातडा स्टेजवर चढल्या, त्या माणसाकडं बघून गोड हसल्या आणि माईक हातात घेतला. त्याला वाटलं या वराकडच्या असतील. वराकडच्यांना वाटलं वधूकडच्या.

"मंडळी! गावचे माजी सरपंच कुठं बसलेत? अहो, मागं कशाला, पुढं या! त्यांचं सहर्ष स्वागत! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मग सोसायटीचे चेअरमन, मग दूध डेअरीवाले, मग चेअरमनचे जावई, मग जावयाचे मेहुणे. माईकजवळ येणाऱ्याला त्या हळूच नाव विचारायच्या आणि मोठ्यानं 'प्रसिद्ध समाजसेवक' म्हणून पुकारायच्या. भटजी मनगटावरचं घड्याळ दाखवून दाखवून थकले. पण आपलं नाव पुकारायचं राहिलेलं असताना मंगलाष्टकं सुरू करा म्हणायला मांडवात एकही माणूस तयार नव्हता. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. भीती वाटत होती आणि हसू आवरत नव्हतं.

शेवटी जीप आली. आपांनी माईक सोडला नाही. "आणि आता आपल्यात आलेत जमादार साहेब, त्यांचंही स्वागत! मंडळी, पोरीचं वय बसत नाय, म्हणून लग्न थांबलंय. जेवण थांबलेलं नाय. अन्न तयार हाय, सगळ्यांनी जेवून जा!"

आरडाओरडा झाला, नाही असं नाही. पण ज्यांचं नुकतंच स्वागत झालं होतं, त्यांना आपांच्या अंगावर धावून जाणं जड जात होतं. मुलीच्या बापानं जमादारांसमोर अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं. आत खोलीत ती मुलगी मात्र आमच्यावरच भडकली होती. रडत म्हणाली, "माझी मेंदी वाया गेली."

आपा तिच्याजवळ खाली बसल्या. तिचे हात हातात घेऊन मेंदी नीट बघितली. "वाया कशी जाईल? मेंदी तुझी हाय, लग्नाची थोडीच हाय. उद्या शाळेत हीच घेऊन जा. मैत्रिणी जळतील बघ."

परतताना बिडकीनला त्यांनी गाडी थांबवली, गरमागरम भजी घेतली आणि माझ्या पाठीत थाप मारली. "काय मजा आली गं!"

मी बघतच राहिले. कॉलेजात हे काम शिकताना फार गंभीर शब्द ऐकले होते. मजा हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

आपांचं घर, शिक्षण, लग्न याबद्दल मला फार माहिती नाही. नवरा लवकर गेला, मुलगी नांदेडला दिलेली, एवढंच. त्यांना विचारायला गेलं की त्या दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सुरू करायच्या. त्या समोर आल्या की खोलीतला आवाज वाढायचा. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि पिताना बोलायचंही असायचं, त्यामुळं समोरच्या कागदांवर चहाचे थेंब ठरलेले. काम फत्ते झालं की सगळ्या कार्यालयाला नान-खलिया. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी इमरती, तीही उभ्या उभ्या कढईतून काढलेली.

लेकरांशी बोलण्याची त्यांची एक रीत होती. स्टेशनवर सापडलेलं, घरातून पळालेलं, कुणी सोडून दिलेलं, कसलंही लेकरू असो, पहिला प्रश्न एकच, "काय खाणार?"

"नाव काय, गाव काय, बाप कोण, हे पोलीस विचारतेत," त्या मला म्हणाल्या होत्या. "लेकरू आधीच घाबरलेलं असतंय. आपण असं विचारायचं, ज्याचं उत्तर त्याला येतंय."

एकदा स्टेशनवरच्या एका चिमुरडीनं या प्रश्नाला उत्तर दिलं, "शिरा." दुपारची वेळ. आपांनी मला मागं बसवून सगळा औरंगपुरा पालथा घातला. समोसे होते, पोहे होते, शिरा कुठंच नव्हता. शेवटी एका हॉटेलवाल्याला त्यांनी नव्यानं करायला लावला आणि कढईजवळ उभं राहून बजावलं, "काजू टाक. तूप कमी पडलं तर परत येईन हां मी." त्या मुलीनं शिरा खाल्ला आणि हात पुसायच्या आत आपल्या आईचं नाव सांगितलं.

मी नोकरीत बऱ्यापैकी रुळले तेव्हाची गोष्ट. एका महाविद्यालयातून आमच्याकडं एक प्रश्नावली आली. बाल संरक्षणात काम करणाऱ्या माणसांच्या मनाचं काय होतं, ते मोजायचं होतं. त्यात दोन बाजू होत्या. दुसऱ्याला मदत केल्याचा आनंद किती मिळतो, ही एक. तिला करुणेचं समाधान म्हटलं होतं. आणि दुसऱ्याचं दुःख रोज बघून बघून आपलं मन किती थकतं, ही दुसरी. तो करुणेचा थकवा. माझा विषय मानसशास्त्र, म्हणून काळे सरांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं.

"थकवा? करुणेचा?" आपा खदाखदा हसल्या. "थकवा येतो आपल्या जिन्याचा! तीन मजले, लिफ्ट नाय. ते मोज आधी."

"आपा, नीट उत्तरं द्या ना."

"विचार."

"या कामानं मन भरून येतं. कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

"नेहमी. भरून वाहतंय."

"एखाद्या लेकराची गोष्ट घरी गेल्यावरही डोक्यातून जात नाही?"

"घरी गेले की मी झोपते. पुढं."

"काम करताना आतून रिकामं वाटतं?"

"जेवायच्या आधी वाटतं." एवढं बोलून त्या हेल्मेट घालून निघून गेल्या.

आमचे नागरे भाऊही तसेच. अंगानं आडदांड, बोलणं मोजकं. पोलीस ठाणं, न्यायालय, दवाखाना ही पळापळ त्यांच्याकडं असायची. त्यांनी सगळीकडं 'नाही'वर खुणा केल्या आणि कागद परत दिला. हिशेबानं आमच्या कार्यालयात कुणीच थकलेलं नव्हतं. मला ते पटलं नाही, पण मोजणी तशीच पाठवली.

मग आरतीचं झालं. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आठेक वर्षांची, आईबाप नसलेली. बालगृहात होती आणि आपांची लाडकी होती. तिचे काका-काकू न्यायला आले. नीटनेटकी माणसं, स्वतःचं घर, हातात खाऊची पिशवी. घराची चौकशी करायला आपाच गेल्या होत्या. शेजाऱ्यांशी बोलल्या, शाळा बघितली आणि मुलगी घरी द्यायला हरकत नाही असा अहवाल दिला. त्यावर बाल कल्याण समितीनं मुलगी सोपवली.

काही महिन्यांनी सरकारी दवाखान्यातून फोन आला. आरतीचा हात मोडला होता, पाठीवर चटक्यांचे डाग होते. काका-काकूंवर गुन्हा दाखल झाला, पुढची कारवाईही झाली. पण मी सांगतेय ते त्या वॉर्डातलं. आपा खाटेजवळ गेल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "काय खाणार?"

आरतीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

जिन्यात आपा थांबल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "माझ्या शब्दावर गेली ती."

"आपा, तुम्ही सगळं तपासलं होतं."

"हौ. सगळं तपासलं होतं."

त्यानंतर त्या दुप्पट काम करायला लागल्या. नागरे भाऊंच्या भेटी स्वतः करायच्या, रविवारी जायच्या, वेरूळकडच्या एका वस्तीवर तर एकाच घरी पुन्हा पुन्हा जाऊन आल्या. नान-खलिया बंद झाला. एका आईवर त्या इतक्या ओरडल्या की ती बाई लेकरू उचलून पळून गेली. चहा समोर तसाच गार व्हायचा. मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "काम कर, वैशू."

एका दुपारी आम्ही एका घरी गेलो. आई कामावर गेलेली, बाप दारू पिऊन पडलेला आणि दोनेक वर्षांचं लेकरू खाटेच्या पायाला बांधलेलं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. आपांनी गाठ सोडली, लेकराला पाणी पाजलं, आईला बोलावून घेतलं, सगळं जिथल्या तिथं केलं. एक शब्द वाकडा गेला नाही. परत येताना क्रांती चौकाच्या अलीकडं त्यांनी एकदम स्कूटी बाजूला घेतली. हेल्मेट काढलं. पोटाशी धरून बसून राहिल्या. भोवती गाड्यांचा गोंगाट चालू होता.

"वैशू, ते लेकरू रडत होतं ना?"

"हो. केवढं रडत होतं."

"मला आवाज आला. तेवढाच आला. घरात भांडं पडलं की येतो ना, तसा. बाकी आत काहीच झालं नाय." त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. "असं नव्हतं गं माझं. आता काय लेकरांना मी नुसती उचलून ठेवणार का?"

मला सुचलं ते मी सांगितलं. माणूस वाईट झाला म्हणून असं होत नाही. सोसून सोसून झालं की मन स्वतःच दार लावून घेतं. त्याचंच नाव करुणेचा थकवा.

आपांनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. मग म्हणाल्या, "तुझे ते प्रश्न आण. आता खरं सांगते."

कार्यालयाखालच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. या वेळी आपांना एकेका प्रश्नाला वेळ लागत होता. झोप येत नाही. स्वयंपाक करताना आरती डोळ्यांसमोर येते, नमाज पढतानाही येते. चटक्याच्या वासाच्या भीतीनं त्यांनी पोळ्या करणंच सोडलं होतं. सगळं त्यांनी सांगितलं, हळू आवाजात. दुसऱ्या बाजूचे प्रश्न आले तेव्हाही तितकाच विचार करून उत्तरं दिली. हे काम सोडावंसं वाटतं? नाही. या कामाचा अभिमान वाटतो? हो. लेकरू घरी सुखरूप पोचलं की? त्या क्षणभर हसल्या. "त्या दिवशी मी राणी असते."

मी बेरीज केली आणि पुन्हा केली.

"थकवा खूप आहे, आपा. आणि समाधानही जवळजवळ पूर्ण आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही. एक भरलं की दुसरं संपलंच, असं नसतं."

आपांनी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की टपरीवाला दचकला. "म्हंजे मागच्या वेळी मी खोटं बोलले नव्हते! अर्धंच सांगितलं होतं!" आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "मला वाटलं माझं सगळं मेलं. नाय मेलं! ऊठ, वर चल!"

जिना त्या माझ्या पुढं चढल्या. कार्यालयात सगळे जागेवर होते. आपा मधोमध उभ्या राहिल्या आणि त्या बाळाचं, भांड्याच्या आवाजाचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "मी थकलेय. कामाचा कंटाळा नाय आलेला, थकलेय. अजून कोण थकलंय? लाजू नका."

मग नागरे भाऊंनी घसा खाकरला. खाली मान घालून म्हणाले, "मी माझ्या पोरीला खेळायला सोडत नाय, आपा. शेजारी बी पाठवत नाय. दवाखान्यात जे बघतो, ते तिच्या जागी दिसतंय. बायको म्हणते, तुमी जेलर झालात." आपा जाऊन त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसल्या. हात धरला नाही, समजूत घातली नाही, नुसत्या बसल्या.

त्यानंतर एकेक जण बोलत गेला. काळे सर दारात उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, "मी वर कळवतो."

"वर कळवा, साहेब," आपा म्हणाल्या. "पण खाली आजपासून सुरू करा. मारहाणीच्या केसला एकटं माणूस पाठवायचं नाय. घराची चौकशी दोघांनी करायची, एकाच्या डोळ्याला चुकलं तर दुसऱ्याला दिसंल. अन् दवाखान्यातून, ठाण्यातून आलेला माणूस आधी इथं बसंल, बोलंल, मग घरी जाईल."

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. "आणि सुट्टी," ते म्हणाले. "पहिली तुमची, आपा."

"माझी कायकू?"

"तुम्हीच म्हणालात, आजपासून सुरू करा."

आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. नागरे भाऊसुद्धा.

सुट्टीच्या सुरुवातीला त्यांचा सकाळ-संध्याकाळ फोन. आरती कशी आहे, त्या बाळाच्या घरी कोण गेलं, माझ्या खुर्चीवर कोण बसलंय? मी सगळं सांगायचे आणि फोन ठेवून द्यायचे. नंतर फोन एकदम बंद. मी काळजीनं त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आपा रोज दुपारी पिशवी घेऊन जातेत कुठंतरी. येताना केस ओले असतेत."

संध्याकाळी सापडल्या. डोळे लाल, अंगाला क्लोरिनचा वास, चेहरा असा फुललेला की मी सगळं विसरले.

"पोहायला शिकतेय! महापालिकेच्या तलावावर, बायकांच्या बॅचला. पन्नाशीत, वैशू! पहिल्या दिवशी काठाचा पाईप सोडला नाय मी. आता तरंगते!"

"पण पोहायलाच का?"

"पाण्यात फोन लागत नाय."

सुट्टी संपवून आल्या त्या एकदम ठणठणीत झालेल्या नव्हत्या. कधी कधी स्वतःच म्हणायच्या, "आज नको मला दवाखाना, तू जा." आधी हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नसतं. बालगृहात परतलेल्या आरतीला भेटायला जायच्या, पण आता काही विचारायच्या नाहीत. आपला डबा उघडून तिच्यापासून जरा लांब बसून जेवायच्या. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा आरती उठली, त्यांच्या डब्यातली वडी उचलली आणि तिथंच बसून खाल्ली. आपांनी मला बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांनी दारातल्या दारात दोनदा गिरकी घेतली. रखवालदार बघतच राहिला.

त्या वर्षीची प्रश्नावली मी पुन्हा सगळ्यांकडून भरून घेतली. थकवा प्रत्येकाच्या नावापुढं होता, कारण प्रत्येकानं खरं सांगितलं होतं. मला इतका आनंद कुठल्याच आकड्यांनी कधी दिला नव्हता.

मग नांदेडला नव्या कार्यकर्त्यांना तयार करायचं काम निघालं आणि आपांना बोलावणं आलं. मुलगीही तिथंच होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फर्मान सोडलं, "तलावावर ये. दाखवायचंय."

मी गेले. टळटळीत दुपार, पाण्यावर ऊन नाचत होतं, बायकांचा आणि पोरींचा कल्ला. आपा अंगभर पोहण्याच्या कपड्यांत, डोक्याला निळी टोपी, उडी मारायच्या उंच फळीवर उभ्या होत्या. खालून शिकवणाऱ्या मॅडम शिट्टी वाजवत होत्या, "आपा, अजून नाही! पुढच्या महिन्यात!"

"पुढच्या महिन्यात मी नांदेडला हाय, मॅडम! हटो!"

आणि त्या उडाल्या. नाक चिमटीत, गुडघे पोटाशी, डोळे गच्च मिटलेले. पाणी काठापर्यंत उसळलं. माझी साडी चिंब झाली. मग ती निळी टोपी वर आली, एक लांब श्वास ऐकू आला आणि पाठोपाठ त्यांची आरोळी. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडमही शिट्टी तोंडातच ठेवून हसत होत्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्टेशनवर एक मुलगा सापडला होता. नागरे भाऊ फाटकाशी गाडी घेऊन थांबले होते, आता आम्ही दोघं मिळूनच जायचो. मी काठावरून हात केला. आपांनी 'जा जा' अशी मान हलवली.

फाटकातून मी वळून पाहिलं. त्या पुन्हा शिडीवर होत्या, पोरींच्या रांगेत, आपला नंबर यायची वाट बघत. त्यांच्या पुढची बारकी पोर फळीच्या टोकाशी जाऊन थबकली होती. आपा तिला हातही लावत नव्हत्या, ढकलत नव्हत्या. मागून मोठ्यानं सांगत होत्या, "घाई नाय, बेटा. तुझं तू ठरव. खाली पाणीच हाय."